कागलचा पंप

कोल्हापूरहून निपाणीला येताना आमच्या घरात एक ठरलेलं वाक्य असायचं : "इथं नको, कोगनोळी ओलांडली की भरू. तिकडं पेट्रोल स्वस्त आहे." सीमाभागातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मी कॉलेजात असताना एका पावसाळी संध्याकाळी बाबांनी असाच कागलचा पंप मागं टाकला. दूधगंगेचा पूल यायच्या आधीच मोटारसायकलनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. बाबांनी कॉक रिझर्व्हवर फिरवायला हात खाली घातला, तर तो आधीच रिझर्व्हवर! आदल्या दिवशी त्यांनीच फिरवला होता आणि विसरले होते. वीस वर्षं त्या रस्त्यानं जाणारा माणूस. पुढं दोघांनी मुकाट्यानं गाडी ढकलली.

आता माझी आतेबहीण सांबऱ्याला विमान चालवायला शिकते. मे २०२३ मध्ये तिथून उडालेलं एक शिकाऊ विमान होनिहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं होतं. कारण तांत्रिक बिघाडाचं होतं आणि आतले दोघंही वाचले; पण आत्याच्या मनातून ते जात नाही. गणपतीत सगळे जमलो तेव्हा बाबांनी भाचीला विचारलं, "आणि वर पेट्रोल संपलं तर गं?"

ती म्हणाली, "मामा, म्हणून तर नुसत्या काट्यावर विसंबायचं नाही. उडण्याआधी चढून पंखातल्या टाकीचं झाकण उघडायचं, खुणांची काठी बुडवायची आणि पेट्रोल किती आहे ते डोळ्यांनी बघायचं. मग तासाला किती जळेल, वारा समोरून आहे का, याचा हिशेब. वर राखीव वेगळं."

मला कुतूहल वाटलं म्हणून वाचत गेलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०११ ते २०१५ या काळातले लहान विमानांचे अपघात पाहिले. इंधनाच्या हिशेबातल्या गफलतीमुळं वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात झाले होते. त्यातले जवळजवळ निम्मे वैमानिक व्यावसायिक परवाना असलेले. शिकाऊ फक्त २ टक्के. शिकाऊ कमी उडतात, त्यांच्या पाठीशी शिक्षक असतो, हे खरं. पण काठी बुडवायचा कंटाळा बहुधा अनुभवानंच येतो.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात असाच गेला. २,७०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता. पेट्रोल भरून देऊ का, असं विचारलं तेव्हा त्यानं नको म्हटलं. तासभरच तर उडायचं होतं. टाकी बदलायची कळ त्या विमानात डाव्या खांद्यामागं होती. तिच्यापर्यंत हात नेताना विमानावरचा ताबा सुटला असावा, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. हे वाचताना मला कॉककडं गेलेला बाबांचा हात आठवला. आम्हाला निदान ढकलायला रस्ता होता.

परवा कोल्हापूरहून येताना कागलला बाबांनी स्वतःच गाडी पंपावर घ्यायला लावली. मी हसून म्हटलं, "पुढं स्वस्त आहे की."

"असू दे," ते म्हणाले. "ढकलायला आता गुडघे राहिले नाहीत."