धोटा बदलला

अर्ज भरला म्हणजे जन्माची गाठ पडली, असे आमच्या सोलापुरात पुष्कळांना वाटते. यंदा जूनमध्ये यंत्रमाग कामगाराची एक मुलगी आली. अर्जात विशेष विषय मराठी लिहिलेला. आता तिला अर्थशास्त्र हवे होते. माझ्या वर्गात मुळात मुले अकरा! सहीसाठी उचललेला हात रेंगाळला.

मग इरावती कर्वे आठवल्या. १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., १९२८ मध्ये समाजशास्त्रात एम. ए., पुढे बर्लिनला मानवशास्त्र; आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मराठी 'युगान्त'ला!

मुलगी म्हणाली, "सर, मागावर ताणा तोच असतो, नुसता धोटा बदलतात. मराठी वाचायचं मी थोडंच सोडणार आहे?"

मी सही केली. वर्गात आता दहा मुले आहेत.