तळहातावरचे रकाने

पनवेलहून सीएसएमटीला जाणारी हार्बर लोकल पहिलं आणि शेवटचं धरून २५ स्थानकांवर थांबते. छापील वेळापत्रकात ही स्थानकं डावीकडे एकाखाली एक येतात आणि गाड्या उजवीकडे आडव्या पसरतात. कागद ऐसपैस असल्यामुळे ते निभावतं. मोबाइलच्या वेबपानावर मात्र जागेचा हिशेब पिक्सेलमध्ये मांडावा लागतो. नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर पानाची रुंदी साधारण ३६० सीएसएस पिक्सेल भरते. दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल समास सोडला की उरले ३२८. त्यातले १०० स्थानकांच्या नावांना गेले (‘गुरू तेगबहादूर नगर’ त्यातही एका ओळीत मावत नाही) आणि प्रत्येक वेळेला ५५ दिले, तर जेमतेम चार गाड्या दिसतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे नावांचा रकाना डावीकडे खिळवून ठेवायचा आणि फक्त तक्ता आडवा सरकू द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच आहे. पण माझ्या मते ग्रिड, म्हणजे रकान्या-ओळींची जाळी, बांधणाऱ्याने आधी प्रवाशाकडे बघावं. खांदेश्वरला चढून वाशीला उतरणाऱ्याला मधल्या स्थानकांच्या वेळा कशाला हव्यात? त्याला तीन रकाने पुरतात: गाडी कधी सुटते, कधी पोचते आणि शेवटचं स्थानक कोणतं. तिसरा रकाना कोणी अनावश्यक समजू नये, कारण फलाटावरच्या इंडिकेटरवर प्रवासी तेच नाव शोधत असतो. गाड्या आडव्याच्या उभ्या झाल्या की तोच तक्ता अंगठ्याने वर-खाली सरकवत आरामात वाचता येतो.

रकाने किती असावेत हे पडद्याच्या आधी मजकूर ठरवतो. याचा उत्तम नमुना मराठी घरांच्या भिंतीवरच आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’मध्ये वार डावीकडे उभे असतात आणि आठवडे आडवे जातात. महिना सहाव्या आठवड्यात शिरला, तर उरलेल्या तारखा पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या चौकोनांत बसवतात. म्हणजे वारांचा रकाना सोडला तर रकाने पाचच. वार आडवे मांडले की रकाने होतात सात आणि ३२८ पिक्सेलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ४७सुद्धा येत नाहीत. उभ्या वारांना ४० पिक्सेल दिले, तरी पाच रकान्यांना प्रत्येकी ५७ मिळतात. त्या वाढीव दहा पिक्सेलांमुळे तिथी आणि सणाचं नाव वाचण्याजोगं बसतं. मोबाइलवरची बहुतेक मराठी कॅलेंडरं तरीही सात रकान्यांचा हट्ट सोडत नाहीत, याची हळहळ वाटते.

पडद्याप्रमाणे मांडणी बदलण्याची सोय वेबवर हळूहळू आली. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते आक्रसून दाखवायचा. ईथन मार्कोट यांनी २०१०मध्ये पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीचा विचार मांडला. पण आडवी-उभी दोन्ही अंगं एकत्र सांभाळणारी सीएसएस ग्रिड क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत पोचायला २०१७चा मार्च उजाडला. तोवर बूटस्ट्रॅप या तयार संचाच्या बारा कॉलमांवर सगळ्यांची गुजराण चालली होती.

ग्रिडमधली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे किमान रुंदी सांगून कॉलमांची संख्या ब्राउझरवर सोडणं. ऑटो-फिट आणि मिनमॅक्स ही जोडी ते करते. कॉलम किमान ९ रेमचा, म्हणजे एरवी १४४ पिक्सेलचा, आणि मधली फट १२ पिक्सेलची ठेवली, की ३६०च्या फोनवर दोन कॉलम होतात आणि ७६८च्या टॅबलेटवर चार. माप पिक्सेलऐवजी रेममध्ये, म्हणजे अक्षरांच्या मूळ आकाराच्या पटीत, दिल्याने आणखी एक गोष्ट साधते. एखाद्या आजोबांनी ब्राउझरमध्ये अक्षरं दुप्पट केली, तर किमान रुंदी २८८ होते आणि दोनाचा आपोआप एक कॉलम होतो. कोणालाच काही सरकवावं लागत नाही.

मराठीत खरी अडचण लांब शब्दांची. तीन समान कॉलम मागितले आणि एकात ‘महानगरपालिका’ आलं, की तो कॉलम फुगतो आणि शेजारचे दोन चेपले जातात. एक एफआर (ग्रिडमधलं वाट्याचं एकक) म्हणजे सारखा वाटा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या वाट्याची किमान रुंदी आतल्या सर्वांत लांब शब्दावर ठरते. मिनमॅक्समध्ये किमान शून्य लिहिलं की वाटे सारखे होतात, पण मग शब्द चौकटीबाहेर डोकावतो. अशा वेळी शब्द कुठेही तोडण्यापेक्षा एक कॉलम कमी करावा.

उंचीचंही तसंच. इंग्रजीला पुरणारी १.२ची ओळउंची देवनागरीला अपुरी पडते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यांना १.५ तरी हवी. चौकटीची उंची पक्की बांधली की दुसऱ्या ओळीतले उकार छाटले जातात, म्हणून ती मोकळी सोडावी. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता किंवा दुसरा कोणताही वेबफॉन्ट उशिरा उतरला, तर अक्षरांची रुंदी बदलून मांडणी हलते, तेही तपासावं.

बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२च्या ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर असे. अशी जोडी फोनवर एकाखाली एक लावावी लागते आणि तिथे कोडमधला क्रम महत्त्वाचा ठरतो. ग्रिड चौकटी हव्या तिथे दाखवू शकते, पण अंध वाचकाला पान वाचून दाखवणारा टॉकबॅक कोडच्या क्रमानेच वाचत जातो. प्रत्येक उताऱ्याची भाषा नोंदवलेली असली, तर उच्चारही नीट होण्याची शक्यता वाढते.

सोसायटीचं, शाळेचं किंवा मंडळाचं पान करून घेणाऱ्यांना एकच विनंती. काम ताब्यात घेण्याआधी ते ३२० पिक्सेल रुंदीवर उघडून पाहा. सुगम्यतेच्या जागतिक निकषांनीही हेच माप धरलं आहे. नमुन्याचा इंग्रजी मजकूर काढून आपली खरी मराठी नावं त्यात भरा आणि अक्षरं दुप्पट करा. पान आडवं सरकू लागलं, तर ते दुरुस्तीला परत पाठवा.