आधी हात, मग फळी

'पॅक-मॅन'च्या मूळ यंत्रावर खेळायला एकही बटण नाही! 1980 साली नामको कंपनीनं आणलेला, तोरू इवातानींच्या डोक्यातून निघालेला, जगभर गाजलेला हा खेळ, आणि त्याच्या फळीवर काय? खेळ सुरू करायची बटणं सोडली तर फक्त एक दांडी. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बस्स! त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या अटारीच्या 'ॲस्टेरॉइड्स'वर पाहावं तर बरोबर उलटं. दांडीचा पत्ता नाही, नुसती पाच बटणं. यान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, पुढे रेटा, गोळी झाडा, आणि अगदीच जिवावर बेतलं तर पडद्यावर भलतीकडेच प्रकट व्हा. घरी आर्केड यंत्र बांधायला घेतल्यापासून मी हे असलं काहीबाही शोधतोय आणि भेटेल त्याला सांगत सुटलोय. कारण मला एक गोष्ट उमगलीय आणि ती पोटात मावत नाहीये: खेळ दिसतो पडद्यावर, पण ठरतो तो या फळीवर!

'रोबोट्रॉन: 2084' घ्या. 1982 चा खेळ. यात दोन जॉयस्टिक. डाव्या हाताच्या दांडीनं पळायचं आणि उजव्या हाताच्या दांडीनं ज्या दिशेला हवं तिकडे गोळ्या झाडायच्या. म्हणजे पळायचं एकीकडे आणि मारायचं दुसरीकडे! ही कल्पना आली कुठून माहितेय? खेळाचे एक कर्ते युजीन जार्विस यांच्या उजव्या हाताला अपघातात दुखापत झाली होती, हात प्लास्टरमध्ये होता, नेहमीची दांडी-बटणाची जोडी वापरताच येत नव्हती. त्या जायबंदी हातानं त्यांना दोन दांड्यांचा विचार सुचवला. हातानं फळी घडवली आणि फळीनं खेळ!

आणि 'स्ट्रीट फायटर'? 1987 च्या पहिल्या खेळाच्या एका यंत्रावर दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. जेवढ्या जोरात हाणाल तेवढा जोरदार फटका. पुढे गाद्या गेल्या आणि सहा बटणं आली. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर 2'नं तीच सहा बटणं घराघरांत पोचवली. वरची ओळ ठोशांची, खालची लाथांची, डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. जोर होता त्याची जागा झाली! आधी दंडात असलेली ताकद आता बोटांच्या टोकांवर वाटून दिली. हे लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांचे सुटे पैसे व्हिडिओ गेमच्या दुकानात गेले, त्यांना 'मुस्तफा' सांगायला नको. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा 1993 चा खेळ, पण पोरांनी त्यातल्या एका गड्याच्या नावानंच त्याचं बारसं केलं. त्यात मारायचं एक बटण, उडीचं एक, आणि चहूबाजूंनी घेरले गेलात की दोन्ही एकदम! आपली थोडी शक्ती जाते, पण सगळे गुंड एका झटक्यात लांब. आता बघा, ही दोन बटणं एकमेकांपासून लांब लावली तर तो डाव ऐन वेळी जमणारच नाही. तर्जनी आणि मधलं बोट एकदम पडायला हवं. बटणांमधलं अंतर हासुद्धा खेळाचाच भाग आहे!

मग मी जॉयस्टिक उलटी करून पाहिली, आणि काय सांगू! खाली चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडी उजवीकडे ढकलली की दबतो तो डावीकडचा स्विच. दांडी मधल्या टेकूवर फिरते, त्यामुळे वरचं टोक उजवीकडे गेलं की खालचं डावीकडे जातं. टक्! तिरकी ढकलली की दोन स्विच एकदम, टक्-टक्. मारामारीच्या खेळात या तिरक्या दिशा जीव की प्राण. पण 'पॅक-मॅन'मध्ये? तिथे तिरकी दिशाच नाही. ऐन वळणावर दोन स्विच एकदम दबले की वळण हुकतं आणि भूत मानगुटीवर! यावर उपाय म्हणजे दांडीच्या बुडाशी बसणारी एक प्लास्टिकची चौकट. तिचं चौकोनी भोक सरळ ठेवलं तर दांडी कोपऱ्यांत, म्हणजे तिरक्या दिशांना जाते. जपानी सान्वाच्या जेएलएफ दांडीत तीच चौकट पंचेचाळीस अंशांनी फिरवून बसवली की कोपरे वर-खाली-डावे-उजवे होतात आणि दांडी चारच दिशा मानते. एवढासा तुकडा आणि अख्खा खेळ ताळ्यावर!

त्यामुळे माझ्या फळीवर आता दोन खेळाडूंसाठी एकेक दांडी आणि सहा-सहा बटणं, शिवाय मधोमध, एकटीच, चार दिशांची दांडी. ती खास 'पॅक-मॅन' आणि 'डाँकी काँग'साठी. बटणं तीस मिलिमीटरच्या भोकाची, दोन केंद्रांमध्ये साधारण छत्तीस मिलिमीटर. आणि ओळी सरळ नाहीत हं! टेबलावर हात सैल टाकून बघा, बोटांची टोकं एका रेषेत येतात का? तर्जनी मागे, मधलं बोट पुढे, अनामिका पुन्हा किंचित मागे. बटणांची ओळ तशीच कमानीत हवी. नकाशा खऱ्या मापात कागदावर छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, भोकं कापली, बटणं बसवली आणि पुठ्ठ्यावरच बडव बडव बडवलं. मनगट कुठं टेकतंय, करंगळी कुठं अडतेय, दोघे शेजारी उभे राहिले की कोपर कोपराला लागतंय का, सगळं त्या पुठ्ठ्यानं सांगितलं. मग तो नकाशा घेऊन सुतारकाकांकडे.

"भोकं कुठं पाडायची ते नीट खुणा करून दे," काका म्हणाले. "सूतभर इकडेतिकडे चालेल ना?"

"काका, केसभरही नाही!"

त्यांनी पुठ्ठ्यावर हात ठेवला, बोटं बटणांवर आपोआप पडली. मग मान वर करून एवढंच म्हणाले, "हां, आता कळलं कशाला ते."

वायरिंग तर इतकं सुरेख सोपं आहे! प्रत्येक स्विचला दोन वायरी. एक काळी, सगळ्या स्विचना मिळून एकच, या बटणावरून त्या बटणावर जात गेलेली. दुसरी ज्याची त्याची, छोट्या एन्कोडर बोर्डाकडे. बोर्डाची यूएसबी केबल संगणकाला. बटण दाबलं की दोन्ही वायरी जुळतात आणि संगणकाला कळतं. एवढंच! ज्याला घरातला स्विचबोर्ड उघडायची भीती वाटत नाही, त्याला हे सहज जमेल.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: यंत्र बांधायचं मनात असेल तर पडदा किती इंची, रंग कोणता, वर दिवे कुठले, हे सगळं नंतर. आज रात्री एक कोरा कागद घ्या, आपल्याला सगळ्यांत जास्त आवडणारा एक खेळ आठवा, त्यात हाताला नेमकं काय काय करावं लागतं ते लिहून काढा. मग कागदावर पंजा सैल टेकवा, पेन्सिलीनं बोटांच्या टोकांशी ठिपके काढा. झाली सुरुवात! बटणं विकत आणायच्या आधीच फळी अर्धी तयार असते, आणि उरलेली अर्धी करण्यात जी मजा आहे ती खेळण्यापेक्षा तसूभरही कमी नाही!