वर्गणीदार

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरायचा आणि वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, साप्ताहिकही बहुतेक गुरुवारीच यायचं. पोस्टमन सायकल ओट्याला टेकवून आत हाळी द्यायचे, "मास्तर, आठवडा आला!" बाजार आला की अंक आला, हे त्या हाळीवरून कळायचं नाही. दोन्ही आले असंच आम्ही धरून चालायचो.

अंकाभोवती खाकी कागदाची पट्टी असायची, डिंकानं चिकटवलेली. तिच्यावर अण्णांचं नाव आणि नावाआधी वर्गणीदार क्रमांक. अण्णा ती पट्टी कधी फाडत नसत. अंकाची सुरळी आणखी घट्ट वळून ती अलगद सरकवून काढायचे आणि आईकडे द्यायचे. मागच्या कोऱ्या बाजूवर आई बाजाराची यादी लिहायची : मिरच्या, गूळ, मेथी, वाती. वर्गणीतले चार पैसे असे दर आठवड्याला स्वयंपाकघरात वसूल व्हायचे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की टपाल अडायचं आणि मग दोन अंक एकदम यायचे. अण्णा मात्र एकावेळी एकच उघडत. दुसरा कोनाड्यात आपल्या गुरुवारची वाट बघत बसायचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, मीही एक साप्ताहिक लावायचं ठरवलं. सकाळी डोळे उघडल्यापासून फोनवर बातम्या येतात. एक वाचेपर्यंत तिच्यावर दुसरी चढते. रात्री बायकोनं सहज विचारलं, "आज काय विशेष?" तर मला काही सांगता येईना. दिवसभर वाचलं होतं, पण हाताला काही लागलं नव्हतं. तेव्हा वाटलं, बातम्यांचंच पण जरा भरीव, पैसे मोजावेत असं एखादं साप्ताहिक घ्यावं. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. आठ महिने लागले.

एकदा हात पोळलेला होता, म्हणूनही उशीर झाला. पंचवीस वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाची तीन वर्षांची वर्गणी मी भरली होती, खरं सांगायचं तर सोबतच्या मनगटी घड्याळासाठी. घड्याळ आलं. अंक अकरा महिने आले, मग साप्ताहिकच बंद पडलं. घड्याळ अजून चालतं.

या खेपेला भेटवस्तूकडे बघायचं नाही असं ठरवून मी मुक्तद्वार वाचनालयाची वाट धरली. तिथे सकाळी दैनिकांसाठी झोंबी असते. दुपारी कुणी नसतं. साप्ताहिकं एका कोपऱ्यात मांडणीवर उभी असतात, ती मी दोन महिने वाचली. बरीचशी हाती घेतली की ओळखीचा वास यायचा. आठवडाभर दैनिकांत नि वाहिन्यांवर चघळून झालेलंच, वरून थोडी मोहरी-हिंग. फोडणीचा भात मलाही आवडतो, पण त्याची वर्षाची वर्गणी कोण भरेल?

मग साप्ताहिकाकडून आपल्याला हवं तरी काय, हा प्रश्न पडला. उत्तर घरातच मिळालं, गॅसपाशी. दैनिक म्हणजे उतू जाऊ पाहणारं दूध. तिथे माणसानं उभंच राहायला हवं, नजर हलवून चालत नाही. साप्ताहिक म्हणजे त्याच दुधावरची साय. दूध तेच, पण साय धरायला आच बंद करून भांडं बाजूला ठेवावं लागतं आणि कुणी ढवळायचं नसतं. फोनवरच्या बातम्यांची आच कधी बंदच होत नाही. दूध सारखं वर येतं, आणि आपण सारखे फुंकर घालत उभे.

आपली वृत्तपत्रं जन्मली ती अशी दमानंच. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघालं ते पाक्षिक म्हणून. चार महिन्यांत ते साप्ताहिक झालं. पानावर एक स्तंभ मराठीचा, शेजारी एक इंग्रजीचा. 'केसरी'चा पहिला अंक 4 जानेवारी 1881चा. तो मंगळवार होता, आणि पुढे मंगळवार म्हटलं की केसरीचा वार हे वाचणाऱ्यांच्या अंगवळणी पडलं. आगरकरांनी 'केसरी'तून वेगळं होऊन 1888 मध्ये 'सुधारक' काढला तोही साप्ताहिकच. त्या दोन पत्रांचं भांडण महाराष्ट्रानं आठवड्याच्या हप्त्यानं वाचलं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ते वाचून, त्यावर झोपून, उठून उत्तर द्यायचं. मधले दिवस वाचकाचे. त्यानं पारावर, दुकानात, न्हाव्यापुढे बसून दोघांच्याही बाजूनं बोलून बघायचं. आज सकाळच्या वादाला दुपारी उत्तर येतं आणि संध्याकाळी दोन्ही विसरले जातात. मधले दिवसच उरलेले नाहीत.

मुलगी परदेशात असते. ती म्हणाली, "बाबा, सरळ 'द इकॉनॉमिस्ट' घ्या." वाचनालयात तोही येतो. 1843 पासून लंडनहून निघतोय आणि लेखाखाली लेखकाचं नाव घालायचं नाही ही जुनी रीत त्यानं पाळली आहे. तो काढणारे जेम्स विल्सन पुढे इथे सरकारचे वित्त सदस्य म्हणून आले. 1860 मध्ये त्यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात वारले. जन्मभर पगारातून कर कापून घेतलेल्या मला ही ओळख निघाल्यावर उगीच जवळीक वाटली. पण त्या अंकातून जग दिसतं ते विमानातून दिसावं तसं. नद्या, डोंगर, देशांच्या सीमा अगदी स्वच्छ. आमचा ओढा त्या उंचीवरून दिसायचा नाही, आणि तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

एका प्राध्यापक मित्रानं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' पुढे केला. सचिन चौधरींनी 1949 मध्ये मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' सुरू केला, त्याचंच 1966 पासूनचं हे रूप. जमीन, पाणी, मजुरी यांवर तिथे जे छापून येतं ते अभ्यासून लिहिलेलं असतं. मी एक लेख घेतला की रविवार जातो. मित्राला म्हटलं, "हे साप्ताहिक खरं, पण माझ्या गतीनं मासिक आहे." तो अजून हसतोय.

मराठीत शोधावं तर आधी गेलेल्यांची यादी समोर येते. श्री. ग. माजगावकरांचा 'माणूस' गेला, ग. वा. बेहेऱ्यांचा 'सोबत' गेला. तिकडे इंग्रजीत शंभरी ओलांडलेला 'इलस्ट्रेटेड वीकली'सुद्धा 1993 मध्ये थांबला. ती यादी वाचताना माझं ते घड्याळ हातावर टिकटिकत होतं.

शेवटी वाट दाखवली रद्दीवाल्यानं. जुने पेपर द्यायला गेलो होतो, तर त्याच्याकडे कुणा गृहस्थाची साप्ताहिकं गठ्ठ्यानं येऊन पडलेली, चार-पाच वर्षांपूर्वीची. म्हटलं, किलोच्या भावानं दे. त्यानं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. रद्दी विकत घेणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. ताजा अंक कुठलाही बरा दिसतो, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा. चार वर्षांनी तो कसा वागतो ते बघायला हवं.

ते गठ्ठे मी पावसाळाभर वाचले. 'मुख्यमंत्री कोण होणार' या मुखपृष्ठाचे अंक आधी मेले. कोण झालं ते मला ठाऊक होतंच, पण कोण का होतो हे त्या पानांतून कळलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या मुलाखतीही बहुतेक शिळ्या झाल्या. टिकलं ते भलतंच. चाळीत साठवलेल्या कांद्यापैकी किती सडतो आणि तो तोटा शेवटी कुणाच्या अंगावर येतो, याचा एक वृत्तांत. एका तालुक्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर कशी रिकामी होते, यावरची साडेतीन पानं. तिथे लेखक स्वतः गेला होता, थांबला होता, आणि बैलगाड्यांच्या मागे चालल्याची धूळ वाक्यांवर होती. या लेखांना तारीख होती, पण ते त्या तारखेला बांधलेले नव्हते.

मग गावाकडून आणलेली अण्णांची ट्रंक उघडली. त्यात 'साधना'चे अंक होते, आणि सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात वरच 15 ऑगस्ट 1972चा. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचा विशेषांक, ज्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. राष्ट्रीय प्रतीकाचा अपमान आणि दलित स्त्रीची विटंबना, या दोहोंना मिळणाऱ्या शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या, आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. अण्णा खादी वापरणारे, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला सलामी देताना डोळ्यांत पाणी येणारे. त्या लेखाच्या समासात त्यांची लाल पेन्सिल कागद फाटेल इतकी दाबून चालली होती. 'हे लिहायला नको होतं.' खाली, दुसऱ्या दिवशीची असावी, बारीक अक्षरात निळ्या शाईची ओळ : 'पण खोटं काय आहे?'

मी ती दोन वाक्यं कितीतरी वेळ बघत बसलो. लाल पेन्सिल आणि निळी शाई यांच्यामध्ये एक रात्र गेली होती. गठ्ठ्याच्या तळाशी मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. 1972च्या डिसेंबरातही अण्णांनी पुढच्या वर्षाचे पैसे पाठवले होते.

तेव्हा 'वर्गणी' हा शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. गणपतीला आपण वर्गणी देतो, देवळाच्या कळसाला देतो, गावजेवणाला देतो. वर्गणी देणारा गिऱ्हाईक नसतो. माल पसंत पडला नाही म्हणून तो परत फिरत नाही. मांडवात वाजणारं गाणं त्याला आवडत नसलं तरी मांडव त्याचाही असतो, आणि म्हणून तर गाण्याबद्दल कुरकुरायचा हक्क त्याला पोचतो. अण्णा गिऱ्हाईक असते तर त्या ऑगस्टातच सुटले असते. ते वर्गणीदार होते. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी 'साधना' काढलं आणि दोन वर्षं पुरी होण्याआधी ते गेले. पुढे आणीबाणीत सेन्सॉरशी झगडा झाला. 20 ऑगस्ट 2013च्या सकाळी संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. तरी साप्ताहिक निघत राहिलं. त्यात संपादकांची जिद्द आहे, आणि समासात चिडून डिसेंबरात मनीऑर्डर करणाऱ्या, अण्णांसारख्या कितीकांचे चार पैसेही आहेत.

माझा शोध तिथे संपला. जे मला अधूनमधून चिडवेल आणि चिडल्यावर एक रात्र देईल, ते घ्यायचं. मी शेवटी कोणतं लावलं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं त्यानं आपला रद्दीवाला गाठावा. पैसे मात्र फोनवरूनच भरले, पावतीही फोनवरच आली. ट्रंकेत ठेवण्यासारखं काही मिळालं नाही म्हणून जरा चुकचुकलो.

पहिला अंक आला तो मंगळवारी. अंकाभोवती पट्टी होती, डिंकाची, नावाआधी क्रमांक असलेली. मी सुरळी घट्ट वळून बघितली, पण हाताला सवय नव्हती. पट्टी एका कडेला फाटलीच. बायकोनं ती उचलली, उलटी करून टेबलावर सपाट केली आणि पेन शोधू लागली.

"सांग," ती म्हणाली, "कोथिंबीर किती रुपयांची आणायची?"