उयुमुशुम

लेक नोकरीसाठी इस्तंबूलला गेली आणि आम्ही साठीनंतर तुर्की व्याकरणाच्या नादी लागलो. या भाषेत क्रियापदाला शेपट्या फार. भूतकाळाच्याच दोन! पाहुणा डोळ्यांदेखत आला, तर 'गेल्दी'. आल्याचं नुसतं कानावर आलं, किंवा दारातल्या चपलांवरून ताडलं, तर 'गेल्मिश'. आपल्या 'आला म्हणे'तला 'म्हणे' त्यांनी क्रियापदालाच शिवून टाकलाय. मागच्या स्वराप्रमाणे या 'मिश'चा 'मुश'ही होतो, पण ते असो. मी भाळलो तो 'उयुमुशुम'वर. म्हणजे, मी झोपलो खरा, पण माझं मलाच मागाहून कळलं. एका शब्दात कबुली आणि सुटका!

एकदा सौ. तापाने फणफणली होती. रात्री कपाळावरच्या पट्ट्या बदलायचं काम माझ्याकडे. सकाळी मी चाचरत म्हणालो होतो, "जरा डोळा लागला असावा." (मराठीनेही सोय ठेवलीय. दोष डोळ्याचा.)

परवा तिला हा शब्द कौतुकाने समजावला. तिने शांतपणे विचारलं, "आणि हेच मी म्हणायचं झालं तर?"

पुस्तक उघडलं. तिला 'मुश' लागू होईना. ती रात्रभर जागीच होती.

'उयुदुन.' झोपलात. मी बघत होते.