वडीगोद्रीचा नाका आणि बिनतारी गाडी

जालन्याहून अंबडास यावें, तेथील टेकडीवर मत्स्योदरी देवीचें दर्शन घ्यावें आणि पुढें दक्षिणेची वाट धरावी. ही वाट धुळें-सोलापूर महामार्गास जेथें मिळते, तें गांव वडीगोद्री. प्रवासी येथें चहापुरता थांबतो आणि पुढें जातो. मुद्दाम पाहण्यासारखें येथें कांहीं नाहीं, अशीच त्याची समजूत असते. परंतु नकाशा समोर ठेविला म्हणजे या साध्या नाक्याचें महत्त्व निराळेंच भासूं लागतें. एक रस्ता जालन्याचा, दुसरा पाचोडावरून छत्रपती संभाजीनगरचा, आणि तिसरा शहागडाकडे जाणारा. शहागडीं गोदावरीचा पूल. पुलापलीकडे बीड जिल्हा. नदीच्या वरच्या अंगास पैठणचा नाथसागर. त्या धरणाचे २७ दरवाजे उघडूं लागले, कीं खालच्या गांवांचे डोळे नदीकडे लागतात. सन २००६ च्या ऑगस्टांत आणि सन २०२५ च्या सप्टेंबरांत या खोऱ्यानें मोठे पूर पाहिले.

अशा प्रसंगीं मदतकार्याचीं सूत्रें जेथून हालवावयाचीं, ती गाडी कोठें उभी करावी? पुराच्या पाण्यापासून दूर, परंतु नदीपासून फार लांब नव्हे, आणि तिन्ही दिशांचे रस्ते हाताशीं, असें स्थळ वडीगोद्रीसारखें क्वचितच सांपडावें. मात्र एवढें पाहावें, कीं गाडी पक्क्या भूमीवर उभी असावी. येथील काळी माती पावसांत चाकें गिळून टाकते.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि असतां या बिनतारी गाडीची मातब्बरी ती काय? याचें उत्तर किल्लारी देईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तेथें भूकंप झाला; सरकारी गणतीप्रमाणें ७,९२८ माणसें दगावलीं. त्या वेळीं देशांत मोबाईल दूरध्वनि आलाच नव्हता. हौशी बिनतारीवाल्यांनीं आपलीं यंत्रें नेऊन संदेश पोंचविण्याचें काम केलें. आज साधनें वाढलीं हें खरें; पण मोबाईलचा मनोराहि विजेवर चालतो, आणि सारे लोक एकाच वेळीं बोलूं लागले कीं तोहि कोंडून जातो.

म्हणून गाडींतील यंत्रें स्वतःच्या बळावर उभीं राहिलीं पाहिजेत. त्यांना वीज स्वतंत्र बॅटरीची द्यावी. कारण इंजिन सुरू होतांना तें मुख्य बॅटरींतून एकदम पुष्कळ वीज ओढतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं चालू संभाषण तुटतें. तारा जाड असाव्या, व बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा, म्हणजे तार घासली तरी आग लागणार नाहीं. पोलिसांचें यंत्र निराळें, महसूल खात्याचें निराळें. त्यांचे एरियल छपरावर दाटीनें लावले, तर एक बोलूं लागतांच दुसरें बहिरें होतें. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर. तिच्या चतुर्थांशाचा, म्हणजे अर्ध्या मीटरचा एरियल लोखंडी छपराच्या मध्यावर उत्तम काम देतो, कारण तें छप्परच त्याला आरशासारखें उपयोगी पडतें.

या लहरी बहुतांशीं सरळ जातात. म्हणून क्षितिज हीच त्यांची मर्यादा. येथें शाळेंतील गणित कामास येतें. सव्वादोन मीटर उंचीवरील एरियलास सपाट भूमीवर सुमारें ६ किलोमीटरपर्यंतचें क्षितिज लाभतें. ९ मीटरांच्या डोलकाठीवर चढविला, तर सुमारें १२. म्हणजे अंतर दुप्पट हवें, तर उंची चौपट पाहिजे! मात्र डोलकाठी उभारण्यापूर्वीं वर विजेच्या तारा नाहींत ना, हें मान वर करून पाहावें. आणि ढग गडगडूं लागतांच ती खालीं घ्यावी. त्याहूनहि दूरचें बोलणें असेल, तर आकाशाच्या वरच्या थरांवरून परतणाऱ्या लघुलहरी किंवा उपग्रह यांचा आश्रय करावा लागतो.

पण यंत्रांइतकेच माणसांचे नियमहि आधीं ठरलेले हवेत. कोणत्या वाहिनीवर कोणी बोलावें, आणि आलेला प्रत्येक निरोप वेळेसह वहींत कोणी उतरावा, हें निवांतपणीं ठरलें नाहीं, तर पाणी चढूं लागल्यावर सर्वच बोलतात आणि ऐकणारा कोणी उरत नाहीं. एखाद्या वस्तीवरून आलेली हांक अशा गलबल्यांत हरवली, तर ती पुन्हां येईलच असें नाहीं.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्या घरांतील वडील मंडळी सांगतच आलीं आहेत. वाचकांनींहि आपल्या घरीं एवढें तरी ठरवावें: संकटसमयीं घरांतील सर्वांनीं परगांवच्या कोणत्या एका आप्तास आपली खुशाली कळवावयाची, आणि तीहि लांब संभाषणानें नव्हे, तर चार शब्दांच्या लेखी निरोपानें. म्हणजे आपली काळजीहि मिटेल, आणि वाट मोकळी राहून ज्याला खरोखर मदत हवी त्याचा शब्द पोंचेल.