उतारावर कमावणारी गाडी

गेले होते चढ बघायला आणि प्रेमात पडले उताराच्या! गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही, ४०.५ युनिटांची बॅटरी असलेली, आपल्या रांजणगावात बनणारी. टेस्ट ड्राइव्हला निघालो, तर शोरूमचा मुलगा पुढच्याच सिग्नलला "मॅडम, इथून यू-टर्न घेऊ" म्हणाला. त्याला कोंढवा, येवलेवाडी ओलांडून बोपदेव घाटापर्यंत न्यायला मी किती गोड बोलले, ते माझं मलाच ठाऊक.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत घाट म्हणजे तिसऱ्यावरून दुसरा, ट्रक आडवा आला की पहिला, मग हाफ क्लच आणि तोंडात देवाचं नाव. इथे डावा पाय आपला निवांत! एक ट्रक गुरगुरत चढत होता आणि त्याच्यामागे आम्ही रांगत होतो. सरळ, मोकळा पट्टा दिसला, पाय दाबला आणि ट्रक मागे गेलासुद्धा. गिअरची शोधाशोध नाही, इंजिनाची विनवणी नाही. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते, २१५ न्यूटन मीटर, हे वाचलं होतं. पण माझ्या पाठीला ते आजच कळलं! आणि त्या सगळ्यात मला ऐकू काय आलं, तर दाराच्या कप्प्यातल्या बाटलीत डुचमळणारं पाणी.

पण खरी मजा परतीला. स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या आहेत, त्यांनी रीजन, म्हणजे वीज परत मिळवणारं ब्रेकिंग, कमीजास्त करता येतं, शून्य ते तीन. मी तीनवर टाकलं आणि अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडीने स्वतःला आवरलं! कुणीतरी मागून पदर धरावा, तसं. वळणाच्या आधी पाय थोडा सैल, वळण संपताना थोडा दाब. ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचितच आली. मोटर उलट जनित्र होते आणि गाडीचा वेग वीज बनून बॅटरीत जातो. दीड टनाची गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा साधारण ०.४ युनिट ऊर्जा हिशेबात असते. सगळी काही परत मिळत नाही, बरीच वाटेत गळते. (आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती घेणारच नाही, म्हणजे डोंगरावर राहणाऱ्यांनी चार्जिंग थोडं हातचं राखूनच करावं.) तरी काय झालं? आजवर दिवेघाटात, खंबाटकीत, वरंध्यात हीच ऊर्जा मी ब्रेक तापवण्यात उडवली होती, वर तो जळका वास फुकट!

रेंजचं म्हणाल, तर कागदावर ४६५ किलोमीटर. "मॅडम, एसी लावून तीनशेच्या आसपास धरा," त्या मुलाने न विचारता सांगितलं. मला त्याचा हा प्रामाणिकपणा गाडीइतकाच आवडला. रोजच्या ऑफिसला तेवढे रगड झाले. कोकणात जाताना मात्र चार्जर बघून जेवायचं ठिकाण ठरवावं लागेल. ठरवू की!

आता प्रश्न एवढाच, की आमच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट नाही. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. सेक्रेटरी काका पहिला प्रश्न बिलाचा काढणार, म्हणून वेगळ्या मीटरचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय. तरीही ऐकलं नाही, तर काकांनाच बोपदेवला घेऊन जाते.